डब्याच्या आवाजाची चौकशी

डब्याचा आवाज वाईट आहे, यावर अख्ख्या बिल्डिंगचं एकमत होतं. आता बिल्डिंगचं कशावर एकमत झालं की शहाण्या माणसाने तिथेच सावध व्हावं. जिन्यातला दिवा पांढरा लावायचा की पिवळा, यावर ज्यांनी सव्वा वर्ष भांडण केलं आणि तोवर अंधारात चाचपडत जिने चढले, ती माणसं बुटांच्या खोक्याएवढ्या एका ॲम्प्लिफायरबद्दल एका सुरात बोलायला लागली, तर कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायला हवं. तपासनिसांना ते कळलं नाही. आणि गंमत अशी, की पाणी कुठे मुरतंय ते शोधण्याचाच पगार या गृहस्थांनी चौतीस वर्षं घेतला होता.

तपासनीस म्हणजे वीज कंपनीच्या मीटर तपासणी विभागातले. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते, पण बिल्डिंगमध्ये नाव तेच राहिलं. 'आमचा मीटर पळतो हो, आम्ही एवढी वीज जाळतच नाही' अशी तक्रार घेऊन लोक यायचे. तपासनीस तो मीटर एका खात्रीच्या मीटरशेजारी मांडायचे, दोघांना सारखाच भार द्यायचे आणि दोघांचे आकडे जुळले की कागदावर सुवाच्य अक्षरात लिहायचे, 'मीटर निर्दोष. वापर ग्राहकाचाच.' लोक हुज्जत घालत, गयावया करत, एका बाईंनी तर टेबलावर डोकं टेकलं होतं. तपासनीस ढिम्म. यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, असं त्यांचं साधं मत होतं.

गिटार मुलीची. ती नोकरीसाठी लांब गेली आणि गिटार माळ्यावर गेली. आवराआवरीत ती तपासनिसांच्या हाती लागली, तार छेडली तर विजेची गिटार असल्यामुळे काही ऐकूच येईना. मग दुकानात जाऊन त्यांनी सगळ्यात स्वस्तातला ॲम्प्लिफायर आणला. 'शिकायला ठीक आहे,' असं दुकानदार म्हणाला, तेही दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत. सोबत एक शिकण्याचं पुस्तक आणि सूर जुळवायचं एक काट्याचं यंत्र घेतलं. काट्याच्या यंत्रावर तपासनिसांचा जीवच जडला. काटा बरोबर मध्ये आल्याशिवाय ते तारेला सोडत नसत.

पुस्तकातला पहिला धडा म्हणजे आठ ओळींची एक साधी चाल होती. तपासनिसांनी डबा जमिनीवर ठेवला, बटण दाबलं, बोटं तारांवर टेकवली आणि वाजवलं. जो आवाज आला तो ऐकून त्यांनी आधी खिडकीतून खाली वाकून पाहिलं. त्यांना वाटलं, खाली कोणीतरी पत्रा कापतंय. खाली कोणी नव्हतं.

"कसला आवाज हा?" ते म्हणाले.

बायको पलीकडे शिवणयंत्रावर पडद्याला दुमड घालत होती. तिने पाय थांबवला, क्षणभर नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "डबाच तसला दिसतोय. स्वस्तातला ना."

झालं. या एका वाक्याने पुढचं सगळं रामायण घडवलं.

इथे अंगणाबद्दलची एक म्हण वाचकाच्या जिभेवर आली असेल. येणारच. मराठी माणसाला ती दुधाच्या दातांबरोबर फुटते. पण तपासनिसांना त्या दिवशी ती आठवली नाही, आणि ज्यांना आठवली त्यांनी ती गिळली. का गिळली, ते पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी तपासनिसांनी एक वही सुरू केली. वहीवर 'ॲम्प्लिफायर : तक्रार व उपाय' असं लिहिलं, समास आखला. खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी आपणहून विषय काढला. "डबा जमिनीवर ठेवता का? अहो, मग आवाज तुमच्या घोट्यांना ऐकू जातो. कानाच्या पातळीवर ठेवा." सल्ला शास्त्रीय होता. तपासनिसांनी डबा स्टुलावर ठेवला. आता जो आवाज घोट्यांना ऐकू जात होता तो थेट कानात जाऊ लागला. वहीत नोंद झाली, 'उपाय १ : आवाज अधिक स्पष्ट. त्यामुळे अधिक वाईट.'

मग वरच्या मजल्यावरचे रोखपाल आले. हे बँकेतून निवृत्त झालेले आणि स्वतःला सगळ्यातलं थोडंथोडं कळतं असं मानणारे. त्यांनी डब्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, टिचकी मारली. "पोकळ आहे," ते गंभीरपणे म्हणाले. डबा पोकळ असतो हे तपासनिसांना ठाऊक होतं, पण पाहुण्याचा मान राखून त्यांनी तेही लिहून घेतलं. "कपड्यांच्या कपाटात ठेवून बघा. लोकर कर्कशपणा पिते." डबा दोन दिवस स्वेटरांच्या खणात राहिला. लोकर काहीच प्यायली नाही. उलट कपाटाचं दार तपासनिसांच्या प्रत्येक सुराबरोबर थडथडायला लागलं आणि दुसऱ्या दिवशी त्याची बिजागरी निखळून पडली. ती बसवताना तपासनिसांच्या अंगठ्यावर हातोडी बसली. अंगठा सुजला, त्यामुळे चार दिवस वाजवणं बंद होतं. त्या चार दिवसांत बिल्डिंगमधली माणसं एकमेकांशी फार प्रेमाने वागत होती, असं नंतर वॉचमनने सांगितलं.

अंगठ्याची सूज उतरल्यावर तपासनिसांनी डबा उघडला. उघडण्याआधी त्यांनी त्याचे चारही बाजूंनी फोटो काढले, कारण उघडण्याआधीची स्थिती नोंदवणं हा नियम आहे. आत एक भोंगा, थोड्या तारा आणि बरीचशी हवा निघाली. सगळं जिथल्या तिथे होतं. डबा परत बंद केला तर एक स्क्रू उरला. चौतीस वर्षांत उरला नव्हता असा स्क्रू. तपासनीस तो तळहातावर घेऊन बराच वेळ बसले होते. "असू दे हो," बायको म्हणाली, "स्वस्तातल्या वस्तूत एखादा जास्तच घालतात."

रोखपालांचा दुसरा सल्ला मात्र सगळ्यांना महागात पडला. "कोपरा! डबा कोपऱ्यात ठेवा, दोन्ही भिंती आवाजाला धरतात." तपासनिसांनी डबा कोपऱ्यात ठेवला आणि खरोखरच आवाज भरीव झाला. पण तो कोपरा ज्या भिंतीचा होता, त्या भिंतीच्या पलीकडे सेक्रेटरींच्या पलंगाची उशाची बाजू होती, आणि सेक्रेटरींना दुपारी दोन ते चार झोपायची सवय होती. सेक्रेटरी म्हणजे बिल्डिंगचे सेक्रेटरी. हौशी माणूस, पण नियमावलीवर झोपणारा आणि नियमावलीवर उठणारा. तिसऱ्या दुपारी ते दारात उभे राहिले. केस विस्कटलेले, एका पायात चप्पल.

"तपासनीस," ते म्हणाले, "एक सांगू का, माणसाला ना, नाचता—"

"चहा घ्या!" बायको स्वयंपाकघरातून इतक्या जोरात ओरडली, की सेक्रेटरींनी पुढचे शब्द गिळले. ती कप घेऊन आली, तिने तो त्यांच्या हातात जवळपास कोंबला आणि त्यांच्याकडे असं पाहिलं, की बिचारे उभ्या उभ्या गरम चहा पिऊन निघून गेले.

पण सहनशक्तीलाही हद्द असते. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला. 'नियम १४ (क) : ध्वनी निर्माण करणारी उपकरणे. रहिवाशांपैकी एकाच्या ताब्यातील ॲम्प्लिफायर नावाचे उपकरण सदोष असल्याचे निदर्शनास आले आहे. सात दिवसांच्या आत उपकरण निर्दोष असल्याचा दाखला सादर करावा, अन्यथा ते इमारतीबाहेर न्यावे.' चौदा (क) मुळात भिंतीला भोकं पाडायच्या यंत्रासाठी केलेला होता. पण कागद वाचून तपासनिसांना वाईट वाटलं नाही, उलट हायसं वाटलं. आपण एकटेच म्हणत नाही, कागदावरही तेच आहे.

बायको मात्र चिडली. "कागद लावायची काय गरज होती त्यांना? आणि तुम्ही दाखला बिखला आणायच्या भानगडीत पडू नका. वाईट आहे म्हणून सोडून द्या. कोपऱ्यातून काढा आणि वाजवत बसा."

"असं कसं? तपासल्याशिवाय सदोष म्हणायचं? माझ्या हातून ते पाप होणार नाही."

"म्हणायचं थोडा वेळ. काय बिघडतं?"

तपासनीस हसले. बायकांना तपासणीतलं काय कळतं, असं ते हसणं होतं. त्या हसण्याचा हिशेब पुढे त्यांना चुकता करावा लागला.

दाखला कोण देणार? दुकानदार म्हणाला, कंपनी देईल. कंपनीच्या फोनवर एक बाई 'तीन दाबा' म्हणाली, तीन दाबल्यावर 'दोन दाबा' म्हणाली, दोन दाबल्यावर संगीत लागलं. ते संगीत गिटारचंच होतं आणि चांगलं होतं, त्यामुळे तपासनिसांनी अपमान समजून फोन ठेवला. शेवटी ते डबा बगलेत मारून आपल्या जुन्या कचेरीत गेले.

त्यांच्या खुर्चीत आता त्यांचाच असिस्टंट बसत होता. पंचेचाळिशीचा, कानशिलं पिकलेला, वीस वर्षं तपासनिसांच्या शेजारच्या टेबलावर घासलेला. त्याने उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि मग टेबलाच्या खणातून फॉर्म काढून पुढे ठेवला. फॉर्म तपासनिसांनीच बनवलेला होता, अठरा वर्षांपूर्वी. रकाने सरळ, शब्द मोजके. तपासनिसांनी अभिमानाने भरला.

असिस्टंटने तो वाचला आणि अवघडून खाकरला. "साहेब, नववा रकाना."

नववा रकाना असा होता : 'दोष ग्राहकाच्या वापरात असू शकतो काय? होय / नाही.' तपासनिसांनी तो कोरा सोडला होता. त्यांनी पेन घेतलं आणि 'नाही' वर ठसठशीत खूण केली.

असिस्टंट खूण बघत राहिला. "साहेब, रागावू नका. पण तुम्हीच शिकवलंत मला, पहिल्याच आठवड्यात. जो 'नाही' वर खूण करतो, त्याचा मीटर न उघडताच निर्दोष लिहायचा, म्हणून."

"ते मीटरचं," तपासनीस म्हणाले.

"हो, हो. मीटरचंच. आम्ही डबे तपासत पण नाही साहेब, तसं." त्याने फॉर्मची घडी घातली आणि फार आदराने परत दिली. डबाही स्वतः जिन्यापर्यंत आणून दिला. तपासनीस घरी चालत आले. वाटेत दोनदा थांबून त्यांनी डबा या बगलेतून त्या बगलेत घेतला.

घरी आल्यावर त्यांनी वहीत लिहिलं, 'तपासणी स्वतः करणे. रविवार, सकाळी दहा. स्थळ : तळमजल्यावरची सायकलींची खोली.' आणि आयुष्यभर जी पद्धत वापरली तीच मांडली. संशयित यंत्राशेजारी एक खात्रीचं यंत्र, दोघांना सारखाच भार. बाजारात वाद्यं दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे दुरुस्तीला आलेला एक कमरेएवढा, चाकांचा, भारीपैकी ॲम्प्लिफायर होता. दुरुस्तीवाले तो घेऊन यायला तयार झाले. अबोल माणूस, खिशात स्क्रू ड्रायव्हर, बोटांना कायम झाळकामाचा वास.

रविवारी सायकली बाहेर काढल्या आणि खुर्च्या मांडल्या. सेक्रेटरी नियमावली घेऊन आले, रोखपाल मत घेऊन आले, डॉक्टरीणबाई कानात घालायचा कापूस घेऊन आल्या, पण तो त्यांनी मुठीत ठेवला. बायको सगळ्यात मागे दाराशी उभी होती. तिने आदल्या दिवसापासून नवऱ्याला तीनदा विचारलं होतं, "रद्द नाही का करता येणार?"

तपासनिसांनी काट्याच्या यंत्राने सगळ्या तारा जुळवल्या, दुरुस्तीवाल्यांकडून तपासून घेतल्या. "बरोबर आहेत," ते म्हणाले. तसं वहीत लिहिलं. मग तपासनीस छोट्या डब्यावर वाजवायला बसले. आठ ओळी झाल्या. पत्रा कापून झाला. 'क्रमांक एक : वाईट,' त्यांनी लिहिलं.

मग गिटारची वायर काढून मोठ्या ॲम्प्लिफायरला जोडली. आता बघा, अशा नजरेने त्यांनी सभेकडे पाहिलं आणि तीच चाल वाजवली. तोच पत्रा. फक्त आता तो खोलीच्या आकाराचा होता. खिडकीची काच थरथरली, बाहेर उभी असलेली कोणाची तरी मोटारगाडी आपोआप बोंबलायला लागली आणि डॉक्टरीणबाईंची मूठ नकळत कानाशी गेली. गाडी गप्प झाली. तपासनिसांनी वही ओढली. 'क्रमांक दोन,' त्यांनी लिहिलं, आणि पुढे पेन अडलं.

कोणी तिथेच थांबवलं असतं तर बरं झालं असतं. पण पद्धत म्हणजे पद्धत. यंत्र बदललं, आता ग्राहक बदलायचा. त्यांनी गिटार दुरुस्तीवाल्यांच्या हातात दिली आणि वायर पुन्हा छोट्या डब्याला लावली.

"काय वाजवू?" दुरुस्तीवाल्यांनी विचारलं.

"तेच. पहिला धडा."

दुरुस्तीवाल्यांनी उभ्याउभ्याच वाजवलं. डब्याच्या बटणांना हातसुद्धा लावला नाही. आणि त्या स्टुलावरच्या खोक्यातून असा आवाज आला की रोखपालांनी टेकलेली पाठ सरळ केली. बारीक होता, मोठा नव्हता. जरा घोगरा, पण उबदार होता, पहाटे उठलेलं माणूस पहिलं वाक्य बोलतं तसा. तीच चाल, त्याच आठ ओळी, प्रत्येक सूर आपापल्या जागी येऊन टेकत होता आणि दुसऱ्याला जागा करून देत होता. तपासनिसांनी सहा आठवडे या डब्याला लावलेला एकेक शब्द मनातल्या मनात परत घेतला. कर्कश, पोकळ, पत्र्याचा. डबा गोड होता. पहिल्या दिवसापासून गोड होता.

चाल संपली. अंगणाची ती म्हण खोलीत सगळ्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली होती, आणि तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. सेक्रेटरी नियमावलीची पानं उलटत होते. "चांगला आहे हो डबा," दुरुस्तीवाले म्हणाले. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

तपासनीस खुर्चीवर बसले. वही मांडीवर घेतली आणि नेहमीच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'यंत्र निर्दोष. दोष वापरात.' खाली सही केली, तारीख घातली, पान फाडलं आणि सेक्रेटरींच्या हातात दिलं. सेक्रेटरींना ते घेववेना. "राहू द्या हो, तपासनीस. कागद मी काढून टाकतो बोर्डावरचा."

"घ्या. नियमाप्रमाणे आहे," तपासनीस म्हणाले. गिटार आणि डबा उचलून ते जिना चढून वर गेले. बायको आली तेव्हा ते खुर्चीवर चढून गिटार माळ्यावर ढकलत होते.

"काय करताय?"

"ठेवतोय. पुरे झालं."

"उतरा आधी खाली."

"अगं, तू ऐकलंस ना? डबा चांगला आहे. मीच..." खाली उतरून ते त्याच खुर्चीत बसले. "सगळ्यांसमोर. आणि ते सगळे एवढे दिवस डब्याला नावं ठेवत होते. एकालाही कळलं नाही?"

बायको गप्प राहिली. ती इतकी गप्प राहिली की चौतीस वर्षांचा अनुभव एकदम जागा झाला.

"त्यांना माहीत होतं," तपासनीस म्हणाले.

"हो."

"सगळ्यांना?"

"वॉचमनला पण. मीच सांगितलं होतं. घरोघर जाऊन. म्हटलं, डब्याला काय वाट्टेल ते बोला, यांना बोलू नका."

तपासनीस लाल झाले. "म्हणजे माझं हसं केलंस! अख्ख्या बिल्डिंगमध्ये! चौतीस वर्षं मी लोकांना खरं ते तोंडावर सांगितलं, आणि माझ्याच घरात..."

"सांगितलंत ना? मग मला एक सांगा. 'वापर तुमचाच' म्हणून सांगितल्यावर किती माणसं तुमच्याकडे परत आली?"

तपासनिसांनी विचार केला. खोटं बोलता येईना. "एकही नाही."

"तेच," बायको म्हणाली. ती समोर पलंगावर बसली. "सहा महिने तुम्ही रोज सकाळी साडेनऊला बूट घालून या खुर्चीत बसत होतात. कुठे निघालात विचारलं की 'कुठे नाही' म्हणायचात, आणि दुपारी बूट काढायचात. मी शिवणयंत्रावर बसून बघत होते ते. मला भीती वाटायला लागली होती. मग ज्या दिवशी ती गिटार काढलीत, त्या दिवशी तुम्ही बूट घातलेच नाहीत. जेवायला तीनदा हाक मारावी लागली. मी खरं सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी ती माळ्यावर गेली असती आणि बूट परत आले असते. मग मी काय करायला हवं होतं?"

असा रकाना तपासनिसांनी कुठल्याच फॉर्मात ठेवला नव्हता. त्यांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. बायकोने डोळे पुसले, उठली आणि शिवणयंत्रावर जाऊन पडद्याचा दोरा ओवायला लागली.

तपासनीस उठले. खुर्चीवर चढले, गिटार खाली काढली. डबा स्टुलावर ठेवला, कोपऱ्यापासून लांब. काटा बघून तारा जुळवल्या. मग वाजवलं. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, तिसऱ्या ओळीत बोटं एकमेकांत अडकली आणि पत्रा कापला गेला.

शिवणयंत्र थांबलं. तपासनीस वाट बघत होते, ती डब्याला काय म्हणते याची.

"फार घाई करता तुम्ही," बायको म्हणाली. "एक सूर नीट लागायच्या आत दुसऱ्यावर उडी मारता. पहिल्या दिवसापासून."

"तुला यातलं कळतं?"

"कान आहेत मला. परत वाजवा."

त्यांनी परत वाजवलं. तिसऱ्या ओळीशी येऊन पुन्हा अडखळले.

"सावकाश."

"सावकाशच वाजवतोय."

"अजून सावकाश," बायको म्हणाली. "कुठे जायचंय आपल्याला?"